सोळाशे वाक्यांची चोरी

१

वकीलसाहेबांचा आवाज चोरीला गेल्याचं ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी सकाळी कळलं.

गळ्यातला आवाज जाणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. कॅन्सर स्वरयंत्रात होता आणि स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. म्हणूनच हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्टने आधीचे तीन आठवडे त्यांच्याकडून सोळाशे वाक्यं वाचून घेतली होती. साहेब वाक्य वाचत, फोन ते टिपून घेई आणि हॉस्पिटलच्या क्लाउडवर पाठवून देई. त्या वाक्यांवरून पुढे एक यंत्र तयार व्हायचं होतं. साहेबांनी बोटांनी मजकूर टाइप करायचा आणि यंत्राने तो साहेबांच्याच आवाजात म्हणायचा. चाळीस वर्षं ज्या आवाजाने साक्षीदारांची पाचावर धारण बसवली, तो आवाज असा डबीत भरून ठेवला होता.

बाराव्या दिवशी थेरपिस्टने फोल्डर उघडलं आणि आत काहीच नव्हतं. फोनवरही काही उरलं नव्हतं.

अधीक्षकांनी तासाभरात छडा लावला, निदान त्यांना तसं वाटलं. क्लाउडच्या नोंदीत स्पष्ट होतं: ऑपरेशनच्या दिवशी, सकाळी अकरा वीसला, साहेबांच्याच खात्यावरून सगळं पुसलं गेलं. अकरा वीसला साहेब टेबलावर बेशुद्ध पडले होते. म्हणजे त्यांचा पासवर्ड दुसऱ्या कोणीतरी वापरला. आणि पेशंटांची खाती उघडून द्यायचा, पासवर्ड लावून द्यायचा एकच माणूस, हॉस्पिटलचा सिस्टिमवाला. दुपारी त्याला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

पण साहेबांचं समाधान झालं नाही. गळ्यात नळी, नाकात नळी, अशा अवस्थेत त्यांनी पाटी मागवली आणि तीवर लिहिलं: "अंदाज नको. पुरावा." खाली आणखी एक ओळ होती. चौकशी तटस्थ माणसाकडून झाली नाही तर कोर्टात भेटू.

अधीक्षकांना रेकॉर्डबाईंची आठवण झाली ती तेव्हा.

रेकॉर्डबाईंनी त्याच हॉस्पिटलची रेकॉर्ड रूम तेहेतीस वर्षं सांभाळली होती. सव्वा लाख केसपेपर. कोणाचाही नंबर सांगा, पाच मिनिटांत फाईल हातात. मग दोन वर्षांपूर्वी सगळे कागद स्कॅन होऊन क्लाउडवर गेले, मूळ कागद रद्दीत गेले आणि बाई वेळेआधी घरी गेल्या. निरोप समारंभात कोणीतरी म्हणालं, "बाई, तुमच्या फायली ढगात गेल्या हो." मेलेल्या माणसाबद्दल म्हणतात तसं. सगळे खूप हसले. फायली नेणारा माणूस होता हाच सिस्टिमवाला.

अधीक्षकांनी हा सगळा विचार करूनच बाईंना बोलावलं होतं. तटस्थ म्हणायला त्या निवृत्त होत्या आणि सिस्टिमवाल्याला सोडणार नाहीत याची खात्रीही होती. बाईंना ते पहिल्या वाक्यालाच कळलं. कळूनही त्या हो म्हणाल्या, कारण खरं सांगायचं तर त्यांनाही तेच हवं होतं.

२

थेरपिस्टचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिच्या खोलीत भिंतीला जाड स्पंज लावलेला, एक मायक्रोफोन, दोन खुर्च्या. बाईंनी तिला आधी पाणी प्यायला लावलं.

तिने सांगितलं ते असं. साहेब सुरुवातीचे चार दिवस इथे आले, नंतर म्हणाले घरीच करतो. घरी करायचं तर दोन माणसं लागतात. एकाने कागदावरून वाचायचं, दुसऱ्याने फोन धरून बटण दाबायचं. वाक्य बिघडलं, खोकला आला, तर ते पुसून पुन्हा घ्यायचं. साहेबांनी तीन आठवड्यांत सगळं पुरं केलं. फक्त एकच वाक्य शेवटपर्यंत नीट येईना. "उद्या बाजार बंद राहील." 'बाजार'पाशी घसा अडकायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती त्यांना म्हणाली होती, राहू द्या, एका वाक्याने काही बिघडत नाही. ते म्हणाले, मी अर्धवट काम टेबलावर ठेवून जात नाही.

"मग ते राहिलंच?"

"नाही, आलं ना. क्लाउडच्या नोंदीत आहे."

ऑपरेशनच्या दिवसापासून थेरपिस्ट आठ दिवस रजेवर होती. परत आल्यावरही दोन-तीन दिवस तिने फोल्डर उघडलं नाही, कारण साहेबांच्या गळ्याची सूज उतरेपर्यंत यंत्राचं काम सुरू करायचं नव्हतं. पुसलेल्या वस्तू क्लाउडच्या कचरापेटीत काही दिवस राहतात हे तिला माहीत होतं. इथे त्या सातच दिवस राहत होत्या, हे माहीत नव्हतं.

सोळाशे वाक्यांपैकी दीडशे वाक्यं पेशंटची स्वतःची असतात, रोजच्या वापरातली. ती थेरपिस्ट सुचवते आणि पेशंट बदल करतो. ती यादी कागदावर होती, म्हणून शिल्लक राहिली होती. बाईंनी ती मागून घेतली.

साहेबांनी लाल पेनाने काम केलं होतं. थेरपिस्टने सुचवलं होतं, 'दमलीस का?' काट. 'तू जेवलीस?' काट. 'माझं चुकलं.' काट, आणि समासात बारीक अक्षरात: 'लागणार नाही.' त्यांनी स्वतः घातलेली वाक्यंही होती. 'हे असं ठेवतात का?' 'मी काय विचारतोय, तू काय सांगतेयस?' 'हो की नाही, एवढंच बोल.' 'दिवा बंद कर.' 'पुन्हा सांगायला लावू नकोस.'

बाईंनी यादी दोनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवली. मग क्लाउडच्या नोंदींची छापील प्रत मागितली. अधीक्षकांनी फक्त शेवटची ओळ वाचली होती. रेकॉर्डबाईंना शेवटून दुसरी ओळ वाचायची सवय होती.

शेवटची ओळ: सर्व ध्वनिफिती पुसल्या, अकरा वीस.

तिच्या वरची ओळ: 'उद्या बाजार बंद राहील', ध्वनिफीत आली. तारीख ऑपरेशनची. वेळ अकरा वीस.

अकरा वीसला साहेबांचा गळा उघडलेला होता. मग ते वाक्य म्हटलं कोणी?

३

सिस्टिमवाला घरी भाजी निवडत बसला होता. बायको कामावर गेली होती. रेकॉर्डबाईंना दारात पाहून तो उठला नाही.

"या. हिशेब चुकता करायला आलात ना?"

बाई म्हणाल्या, "त्यासाठीच निघाले होते." आणि खुर्ची ओढून बसल्या.

त्याने सगळं लपवाछपवी न करता सांगितलं. हो, अकरा वीसला तो आपल्या खोलीत एकटाच होता. हो, पासवर्ड त्याला माहीत होता. सगळ्याच पेशंटांना एकच पासवर्ड लावलेला असतो, हॉस्पिटलचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. अर्ध्या हॉस्पिटलला तो पाठ आहे. आणि हो, साहेबांशी त्याचं वाजलं होतं. फोनमध्ये अ‍ॅप घालून द्यायला तो त्यांच्या घरी गेला होता, तेव्हा त्यांनी त्याला उभं करून अर्धा तास उलटतपासणी घेतली. शिक्षण किती, ही नोकरी कोणी दिली, क्लाउड म्हणजे काय हे एका वाक्यात सांग, नाही सांगता येत तर पगार कशाचा घेतोस. तेही त्यांच्या बायको-मुलीसमोर.

"मग सांगा मला. एका वाक्यात नको. पाहिजे तेवढी वाक्यं घ्या."

त्याने बाईंकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती.

"बाई, ढगबिग काही नसतं. दुसऱ्याचं गोदाम असतं. कुठेतरी मोठ्या इमारतीत हजारो कंप्युटर रात्रंदिवस चालू. आपण त्यातली जागा भाड्याने घेतो. तुमच्या रेकॉर्ड रूमला ओल यायची, उंदीर लागायचे, आग लागली असती तर सव्वा लाख माणसांचे आजार राख झाले असते. तिथे तसं होत नाही. एका कंप्युटरवर बिघाड झाला तर दुसऱ्यावर प्रत असते. फोन विहिरीत पडला तरी आतलं सगळं शाबूत. डॉक्टर घरी बसून एक्स-रे बघतो. जागा कमी पडली तर दुपारी सांगा, संध्याकाळी वाढवून मिळते."

"आणि वाईट?"

"गोदाम दुसऱ्याचं, किल्लीचे नियम दुसऱ्याचे. भाडं भरायचं थांबलात की दार बंद. इंटरनेट गेलं की आपलीच वस्तू आपल्याला दिसत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सगळ्या ठिकाणी एकच गोष्ट असते. इथे पुसलंत की तिथेही पुसलं जातं. लोकांना वाटतं क्लाउडवर आहे म्हणजे जपून ठेवलंय. ते नुसतं सगळीकडे सारखं ठेवलेलं असतं. जपून ठेवायचं तर वेगळी प्रत वेगळ्या ठिकाणी पाहिजे."

तो आत गेला आणि एक कागद घेऊन आला. दीड वर्षापूर्वी त्याने अधीक्षकांना अर्ज दिला होता: आवाजांची वेगळी प्रत ठेवू द्या, आणि कचरापेटीची मुदत सात दिवसांची आहे ती नव्वद करा. अर्जावर अधीक्षकांचा शेरा होता, 'आवश्यकता वाटत नाही.' स्वस्तातली योजना घेतल्याबद्दल त्याच वर्षी अधीक्षकांचा सत्कार झाला होता. निवृत्त असूनही बाईंना त्या सत्काराचं आमंत्रण होतं. पेढा खाल्ल्याचंही त्यांना आठवलं.

मग त्यांनी छापील नोंद पुढे केली आणि दोन ओळींवर बोट ठेवलं.

"हे वाक्य अकरा वीसला कसं आलं?"

त्याने खांदे उडवले. "फोनला तेव्हा नेट मिळालं असेल. नेट नसलं तरी फोनवर काम करता येतं. फोन सगळं लिहून ठेवतो आणि नेट मिळालं की क्रमाने वर कळवतो. क्लाउड आपलं घड्याळ बघून..."

तो बोलता बोलता थांबला. हातातली शेंग तशीच राहिली.

बाई मात्र थांबल्या नव्हत्या. तेहेतीस वर्षं त्यांनी टपालावर आवकचा शिक्का मारला होता. पत्र लिहिलं सोमवारी, पोचलं गुरुवारी, तर शिक्क्यावर गुरुवार. शिक्का बघून कोणी म्हणत नाही की पत्र गुरुवारी लिहिलं.

"म्हणजे अकरा वीस ही पुसल्याची वेळच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "ही वर कळल्याची वेळ आहे. वाक्य आधी कधीतरी म्हटलं गेलं. पुसलंही आधी कधीतरी. दोन्ही एकाच फोनवर, जिथे नेट नाही अशा ठिकाणी. आणि ते शेवटचं वाक्य तर तोवर त्या फोनवाचून जगात कुठेच नव्हतं."

सिस्टिमवाल्याने नोंदीची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली. दोन्ही ओळींचा सेकंदसुद्धा एकच होता.

"तुम्ही खोलीत बसून हे केलं असतंत," बाई म्हणाल्या, "तर दोन्ही गोष्टी एका सेकंदाला आल्या नसत्या. म्हणजे तुम्ही नाही."

हे म्हणताना त्यांना आनंद झाला नाही. दोन वर्षं त्या या माणसाचा मनातल्या मनात दुस्वास करत आल्या होत्या आणि आता तो निर्दोष निघाला होता. खरी गोष्ट होती ती अशी, आणि ती गिळायला अवघड होती.

"मग कोण?" त्याने विचारलं.

"त्या सकाळी फोन कोणाच्या हातात होता, तो."

४

ऑपरेशन थिएटर तळघरात होतं, एक्स-रे विभागाला लागून. तिथल्या जाड भिंतींमुळे फोन लागत नाही हे तिथल्या मावशींनाही माहीत होतं. बाई जिना उतरून खाली गेल्या आणि आपला फोन काढून पाहिला. नेटवर्कची एकही रेघ नव्हती.

थिएटरच्या सिस्टरने रजिस्टर काढलं. साहेबांना आठ चाळीसला खाली आणलं, सव्वानऊला आत घेतलं. बरोबर एकच नातेवाईक, बाहेरच्या बाकावर. साहेब बाहेरच्या खोलीत असताना फोनसमोर काहीतरी वाचून दाखवत होते, हे सिस्टरला चांगलं आठवत होतं. बाजाराचं काहीतरी. पेशंट असं का करतोय असं तिला वाटलं होतं.

"आणि नातेवाईक?"

"दोन तास बसल्या होत्या. जागच्या हलल्या नाहीत. कानात वायर घालून गाणी ऐकत होत्या बहुतेक. मीच त्यांना वर पाठवलं, एक इंजेक्शन हवं होतं."

औषधाच्या दुकानात चिठ्ठ्यांच्या प्रती खिळ्याला टोचून ठेवत. बाईंनी ती चिठ्ठी शोधून काढली. इंजेक्शन एक, वेळ अकरा चोवीस. तळघराच्या जिन्यापासून दुकानापर्यंत चालायला, रांग धरून, चार मिनिटं लागतात. बाई चालून आल्या तेव्हा त्यांनाही तेवढीच लागली.

दुपारी साहेबांची मुलगी भेटली. ती दुसऱ्या शहरात नकाशे काढण्याच्या ऑफिसात काम करत होती आणि दर शनिवारी येऊन आईपाशी बसून जायची. वडिलांच्या खोलीत तिच्या तोंडून दोन शब्द धड बाहेर पडत नसत. बाहेर व्हरांड्यात मात्र ती हळू का होईना, नीट बोलायची. शाळेत असताना तिचं अडखळणं वडील पाहुण्यांसमोर करून दाखवायचे, हे तिने स्वतःहून सांगितलं. अधीक्षकांनी आपल्याकडे बोट दाखवलं तर आपल्याला नवल वाटणार नाही, असंही म्हणाली.

"मी केलं असतं तर लपवलं नसतं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मी ऑफिसात होते. सकाळपासून फोन करत होते, लागतच नव्हता. साडेअकराला लागला."

"कोणाचा फोन?"

"बाबांचाच. आईला स्वतःचा फोन कुठेय? तिला काही कळत नाही, बिघडवून ठेवील, म्हणून बाबांनी कधी घेऊच दिला नाही."

बाईंनी पर्समधली यादी चाचपली. घरी इतके दिवस साहेब कागद धरून वाचत होते. मग बटण दाबत कोण होतं? बिघडलेलं वाक्य पुसत कोण होतं?

५

वकीलवहिनी खोलीबाहेर साहेबांच्या गळ्यातली नळी धूत होत्या. हे काम त्या दिवसातून सहादा करत. बाईंनी काम होईपर्यंत वाट पाहिली आणि मग त्यांना मागच्या गॅलरीत घेऊन गेल्या. तिथे चादरी वाळत घातल्या होत्या.

बाईंनी आडवळणाने विचारलं नाही. तळघर, वाक्य, चिठ्ठी, अकरा वीस, सगळं क्रमाने सांगितलं. वहिनी ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा बदलला नाही. ज्या घरात रोज उलटतपासणी होते तिथे राहून चेहरा असा होत असावा.

"फोन वापरायला यांनीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "दाब आता, थांब, पुसून टाक, पुन्हा घे. एके दिवशी शेजारी भिंत फोडण्याचं काम चाललं होतं, त्या दिवसाची सगळी वाक्यं खराब झाली. तेव्हा सगळी एकदम कशी पुसायची तेही दाखवलं. दोनदा चुकले मी. तिसऱ्यांदा जमलं."

मग त्या सकाळचं त्यांनी सांगितलं. बाजाराचं वाक्य पहिल्या फटक्यात आलं. साहेब खूश झाले. सिस्टर म्हणाली, आता पाच मिनिटं आहेत, काय बोलायचं ते बोलून घ्या. वहिनींना वाटलं, आता काहीतरी म्हणतील. तीस वर्षांत नाही म्हणाले ते आता म्हणतील, पुढे म्हणता येणारच नाही. त्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "मागच्या दाराला कडी घातलीस का? नाहीच घातली असशील. तुझ्या भरवशावर घर सोडायचं म्हणजे." तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

"दोन तास बसून मी ती दीडशे वाक्यं ऐकली, ताई. रेकॉर्ड करताना माझं लक्ष बटणाकडे असायचं. म्हटलं, एखादं तरी माझ्यासाठी असेल. माझं नाव घेऊन एखादं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, पुन्हा मागे जाऊन ऐकली. दिवा बंद कर, पुन्हा सांगायला लावू नकोस. तेव्हा कळलं, हे आता मरेपर्यंत आहे. याला तर खोकलासुद्धा येणार नाही."

चादरी वाऱ्याने अंगावर येत होत्या. वहिनींनी एक बाजूला सारली.

बाईंना त्यांचा राग यायला हवा होता. आजारी माणसाचं उरलंसुरलं हिरावून घेतलं होतं. पण पर्समधली लाल काटांची यादी त्यांनी दोनदा वाचली होती, आणि तिसऱ्यांदा वाचायची त्यांची तयारी नव्हती.

"त्या सिस्टिमवाल्याची नोकरी गेली, वहिनी."

"माहीत आहे मला." पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "रोज ठरवत होते, आज सांगू. रोज नळी धुवायची वेळ व्हायची. माझ्या हातून झालेली वाईट गोष्ट म्हणाल तर ती ही. पुसल्याचं मला अजून वाईट वाटत नाही."

मग त्या म्हणाल्या, "यांना मी सांगते. तुम्ही फक्त उभ्या राहा."

६

खोलीत अधीक्षक होते, मुलगी होती. वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी पुसलं. चुकून नाही. ठरवून पुसलं." इतकं सरळ वाक्य त्या खोलीत कोणी अपेक्षिलं नव्हतं. मुलीने आईचा हात धरला.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं आणि पाटी मागितली. लिहायला त्यांना वेळ लागला. लिहून झाल्यावर पाटी त्यांनी बायकोला दाखवलीच नाही, अधीक्षकांकडे वळवली.

"हिला फोन कळत नाही. चुकून दाबलं गेलं. तसंच लिहा."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मला सगळं कळत होतं."

साहेबांनी पाटीवर बोटाने ठक-ठक केलं. 'तसंच लिहा' याच्याखाली रेघ मारली. आपल्याविरुद्ध या बाईने काही ठरवावं आणि ते तडीस न्यावं, हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यापेक्षा आवाज अपघातात गेलेला बरा.

अधीक्षकांना तर आकाश ठेंगणं झालं. नातेवाइकाची नजरचूक म्हणजे हॉस्पिटलवर काही नाही, कोर्ट नाही, कचरापेटीच्या सात दिवसांचं कोणी विचारायला नको. बाईंनी चार पानी अहवाल हाताने लिहून दिला होता. त्यात वहिनींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत होतं आणि सिस्टिमवाल्याच्या अर्जाची तारीख, शेऱ्यासह. टाइप होऊन आला तो दीड पानांचा होता. 'नातेवाइकाच्या अनवधानाने', आणि अर्जाचा उल्लेख कुठेच नाही. बाईंनी सही केली नाही. अधीक्षक म्हणाले, सहीची गरज नाही, आता सगळं ऑनलाइनच जातं.

बाई मूळ चार पानांची प्रत घेऊन सिस्टिमवाल्याकडे गेल्या. त्याने उभ्या उभ्या वाचली. हॉस्पिटलने त्याला निर्दोष ठरवल्याचं पत्र पाठवलं होतं, कामावर मात्र परत घेतलं नव्हतं. त्याची जागा मधल्या काळात एका कंपनीला कंत्राटावर दिली होती. ती कंपनी हे काम दुसऱ्या शहरात बसून करते, असं तो म्हणाला, क्लाउडमुळे ते आता सोपं झालंय. एवढं बोलून तो हसला. बाईंना हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी रद्दीच्या गाडीमागे त्या फाटकापर्यंत चालत गेल्या होत्या, तेव्हा हाच माणूस खिडकीत उभा राहून पाहत होता. आज तो त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

दीड महिन्याने साहेबांचा निरोप आला, मूळ अहवाल वाचायचा आहे, घेऊन या.

बाहेरच्या खोलीत छतापर्यंत कायद्याची पुस्तकं होती. साहेब खंगले होते, पण खुर्चीत ताठ बसले होते. पुढ्यात यंत्र होतं. स्वतःचा आवाज नाही म्हटल्यावर कंपनीच्या चार तयार आवाजांतून एक निवडावा लागला होता. तो तिशीतल्या कोणा माणसाचा होता, मऊ, नम्र, विमानतळावर सूचना देतात तसा. साहेबांनी दोन बोटांनी टाइप केलं आणि यंत्र गोड स्वरात म्हणालं, "पान तीनवर तुम्ही ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून घातली आहे. तेहेतीस वर्षांत एवढंही शिकला नाहीत?"

वहिनी पाण्याचा पेला घेऊन आल्या. यंत्र त्याच गोडव्याने म्हणालं, "पेला बाहेरून ओला आहे. पुसून आणायचा असतो. पुन्हा सांगायला लावू नकोस."

वहिनींनी पेला उचलला, पदराने पुसला, पुन्हा ठेवला.

बाई निघाल्या तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. बाईंनी विचारलं, मुलगी बोलावतेय ना तुम्हाला, मग जात का नाही. वहिनी म्हणाल्या, नळी कोण धुणार? मग म्हणाल्या, "यंत्र येईपर्यंत एकवीस दिवस मिळाले, ताई. पाटी असायची, पण पाटीकडे पाठ करता येते. एकदा तर मी दुपारची झोपले." हे सांगताना त्या एखाद्या सहलीबद्दल सांगावं तशा बोलत होत्या.

घरातून हाक आली. "अगं ए." मऊ, नम्र.

"एवढं एक बरं आहे," वहिनी म्हणाल्या. "याचा स्वर चढत नाही."

त्यांनी फाटकाची कडी घातली. तेवढ्यात दुसरी हाक आली आणि ती रस्त्यापर्यंत ऐकू आली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. शब्द तेच होते, स्वर तसाच गोड होता, फक्त साहेबांना आवाज मोठा करायचं बटण सापडलं होतं.

वहिनी आत गेल्या.